दाराआतला राखणदार

परक्या बाईसमोर, सासूच्या तोंडावर, सासूच्याच माहेरची मेलेली लेकरं सुनेनं मोजून दाखवावीत, याला काय म्हणावं? जीभ देवानं सगळ्यांनाच दिली आहे, पण ती कुठं चालवावी याची अक्कल वेगळी मागून घ्यावी लागते. मोनिकानं ती घेतली नव्हती. पुण्याच्या दवाखान्यात घडलेल्या या गोष्टीला दोन महिने होऊन गेले होते, तरी दगडाबाईला ती पचली नव्हती.

तेव्हापासून तिनं सुनेशी बोलणं टाकलं होतं. मोनिका तीन हातांवर उभी असली तरी दगडाबाई पाच वर्षांच्या नातीला हाक मारायची, "संस्कृती, तुझ्या आईला म्हणावं, कालवड सुटलीय." मोनिका गुपचूप जाऊन कालवड बांधायची. मध्ये घरातलं तान्हं लेकरू गेलं, त्याला माती दिली, भेटायला येणारी माणसं येऊन गेली, तरी अबोला सुटला नाही. उलट दुधावर साय धरावी तसा तो घट्ट होत गेला.

आणि आज मोनिकाचा बाप तिला न्यायला येणार होता.

हे ठरवलं होतं गोजरबाईनं. गोजरबाई म्हणजे दगडाबाईची थोरली नणंद. राहात्याला तिचं घर, पण पाय कायम पुणतांब्याच्या या वस्तीवर. तान्हा करण गेल्याच्या दहाव्या दिवशी तिनंच जामखेडकडं मोनिकाच्या बापाला, राधाकृष्णाला मोबाईल लावला. "पोरीला घेऊन जावा. चार महिने माहेरी राहू द्या, जीव रमंल." हे चार महिने कसले असतात, ते बायांना सांगावं लागत नाही. वैजापूरकडची एक पोरगी तिनं दगडाबाईच्या लेकासाठी, आदिनाथसाठी हेरूनही ठेवली होती. दगडाबाईनं यावर नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. पण नवरा गेल्यापासून वीस वर्षं या घरात पानसुद्धा तिला विचारून हलत होतं, तेव्हा तिचं गप्प राहणं म्हणजेच हो, हे आदिनाथनं समजून घेतलं, मोनिकानंही घेतलं.

सकाळपासून गोजरबाई ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. दगडाबाई गोठ्यात होती. आत मोनिका पिशवी भरत होती. भरायला फार नव्हतंच. बाळाचं अंगडं-टोपडं आदिनाथनं माती देताना बरोबरच ठेवलं होतं.

दगडाबाई तिसरी शिकलेली. पण गोठ्याची चुन्याची भिंत हीच तिची वही. बारा गायी, आणि प्रत्येकीच्या दावणीवर कोळशानं लिहिलेलं: कधी भरवली, कोणत्या वळूची कांडी, कधी व्यायली. कल्याण नावाचा पोरगा गायी भरवायला मोटारसायकलवरून यायचा, नळकांड्यात गोठवलेल्या, वळूच्या बीजाच्या कांड्या घेऊन. दगडाबाई त्याला गायीला हात लावू द्यायची नाही, आधी कांडीवरचा नंबर वाचायला लावायची.

"ही चंद्री कुणाची रे?"

"मला काय म्हायती, आत्या."

"भिंत बघ! चौदा नंबरच्या वळूची. आन् तू कांडी कंची आणलीस? चौदाच! बापाला लेकीवर घालतोस व्हय रे मुडद्या? जा, बदलून आण. नात्यात भरवली की वासरू किडकं निपजतं, एवढं कळंना तर पान-टपरी टाक."

सगळ्या पुणतांब्यात तिच्या गोठ्याची वासरं दाखवायला नेण्यासारखी असायची. असा त्या भिंतीचा दरारा.

पण सून आणायची वेळ आली तेव्हा दगडाबाईनं भिंत बघितली नाही. तिला सून पाहिजे होती भावाची लेक. आत्याच्या घरात भाची आली म्हणजे किल्ली परक्याच्या कमरेला जात नाही, माहेरचा माणूस म्हातारपणी तोंडात पाणी घालतो, ही रीत तिच्या आईपासून चालत आलेली. तिची आई चांगुणा हीसुद्धा मामाच्याच घरात सून म्हणून आली होती. राधाकृष्ण तर हरखून गेला. जामखेडच्या कोरड्या रानातली पोर बारमाही पाण्याच्या गावात पडणार, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या पदराखाली.

फक्त म्हातारी चांगुणा खूष नव्हती. तिला मोबाईल लावता येत नव्हता, आणि मुलाला सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं जुन्या पद्धतीनं सांगावा धाडला. गावातला छगन टेम्पो घेऊन कांदा भरायला राहात्याकडं यायचा. तो एक दिवस वस्तीवर आला, चहा प्याला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "अक्का, चांगुणामायचा सांगावा हाय. म्हणली, दगडीला सांग, घरात घर करू नको. मी बी मामाच्या घरात पडले हुते. माझी तीन मातीत गेली. पोरीची कूस त्या वाटंनं नेऊ नको."

दगडाबाईच्या कपाळावरची शीर उडाली. "म्हातारीची सत्तरी उलटलीय छगन, तिला सपान पडत्यात. हा सांगावा हितंच पूर. राधाकिसनाच्या कानावर गेला तर तुझ्या टेम्पोला ह्या शिवारात पाय ठेवू देणार न्हाई."

छगननं सांगावा तिथंच पुरला. लग्न झालं. पुढच्या वर्षी म्हातारी गेली. मग संस्कृती झाली, टुणटुणीत, आजीवर गेलेली तोंडाळ. दगडाबाईला वाटलं, बघ, म्हातारीचं काय खरं झालं?

करण पौषात जन्मला. दोन महिने बरे गेले. तिसऱ्यात त्याच्या जिभेवर पांढरा थर आला, तो पुसला तरी परत यायचा. मग हगवण लागली. मग खोकला. दूध ओढता ओढता पोर थकून जायचं आणि मोनिकाच्या दंडावर तोंड टेकून बघत राहायचं, जणू तिलाच विचारतंय, आता काय करू? दगडाबाईनं मीठ-मोहरी उतरून टाकली, अंगारा लावला. सुनेला बोल लावला, की तू उघड्यावर पाजतेस, तू गार खातेस. अखेर चैत्रात त्याला नगरला लहान मुलांच्या डॉक्टरकडं नेलं. गोजरबाईही गाडीत बसली. तिला विचारलं नव्हतं कुणी, पण विचारावं लागेल अशी ती बाईच नव्हती.

डॉक्टर भला होता. त्यानं पोर तपासलं, वजन बघितलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "घरात कुणाकडं तान्ही मुलं दगावली आहेत का? आईकडं, वडलांकडं? मागच्या पिढीत?"

दगडाबाईच्या डाव्या अंगाला गोजरबाई बसलेली. तीस वर्षं या नणंदेनं तिला 'माळरानाची' म्हणून टोचलेलं. तिच्या समोर माहेराची मेलेली लेकरं काढायची? उद्या राहात्यापासून कोपरगावापर्यंत गाजावाजा झाला असता, की ह्यांच्यात पोरं जगतच नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"न्हाई," दगडाबाई म्हणाली. "आमच्यात लेकरं मरत न्हाईत."

मोनिकानं मान वर केली. तिचे ओठ हलले. लहानपणी आज्जीच्या कुशीत झोपताना तिनं त्या तिघांबद्दल ऐकलेलं होतं. दगडाबाईनं तिच्याकडं एकदाच बघितलं. तिची नजर म्हणजे तापली कढई. मोनिकाचे ओठ मिटले.

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि औषधं दिली. औषधानं दुखणं उतरायचं, चार दिवसांनी परत चढायचं. असे अडीच महिने गेले. आषाढ लागायच्या आत त्याच डॉक्टरनं हात जोडले आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

पुण्यात रक्त गेलं, तपासण्या झाल्या, आणि आठवड्यानं त्यांना एका खोलीत बोलावलं. दगडाबाई, आदिनाथ आणि मोनिका. करण काचेपलीकडच्या खोलीत होता, तिथं फक्त आईला तोंडाला फडकं बांधून जाता येत होतं. टेबलामागं बसलेली बाई डॉक्टर नव्हती. घराण्यातले आजार समजावून सांगायचं तिचं काम. पंकजा तिचं नाव, पाथर्डीकडच्या ऊसतोड्याची लेक. तिनं पहिलं वाक्य टाकलं आणि दगडाबाईला बरं वाटलं, की ही आपल्या मातीतली आहे.

"अक्का," पंकजा म्हणाली, "पेशी ठाऊक आहे? रक्तातला एवढासा जीव. एक पेशी म्हणजे एक घर समजा. घरं एकमेकांना सांगावे धाडतात. वाढ, जागी हो, रोग शिरलाय, लढायला नीघ. आमच्या पुस्तकात ह्या सांगाव्याला सायटोकाइन म्हणतात. पण गंमत अशी, की सांगावा कधी घरात शिरत नाही. तो दारातच थांबतो."

"मग आतल्याला कळतं कसं?"

पंकजानं कागद ओढला आणि दार काढलं. "ह्या दाराला रिसेप्टर म्हणायचं. ह्याच्या फळ्या एरवी लांब लांब. सांगावा आला की त्याला धरायला जवळ येतात. दर फळीच्या आतल्या अंगाला एक राखणदार चिकटून बसलाय, डुलक्या घेत. फळ्या जवळ आल्या की राखणदार एकमेकांना भिडतात. हा त्याला टिळा लावतो, तो ह्याला. टिळा लागला की जागे. मग दोघं फळीच्या आतल्या बाजूला टिळे ओढतात. ते बघून आतला निरोप्या धावत येतो. त्यालाही टिळा. असे टिळा लागलेले दोन निरोपे हातात हात घालून पार देवघरात जातात. तिथं पोथी असते. पोथीतलं नेमकं पान उघडतात, आणि पेशी कामाला लागते."

"बया! एवढा टिळ्यांचा पसारा? सरळ आत जाऊन सांगायला काय हुतं त्या सांगाव्याला?"

"तुमच्या घरात शिरतं का कुणी न विचारता?"

"टंगडी मोडीन."

"झालं तर मग," पंकजा हसली. आदिनाथही ओठांत हसला. पुण्यातलं त्यांचं ते शेवटचं हसू. मग पंकजानं पेन एका राखणदारावर ठेवलं आणि त्यावर फुली मारली.

"करणच्या पेशीला दार आहे. सांगावा रोज येतोय. फळ्याही जवळ येतात. पण हा एक राखणदार जन्मापासूनच बिघडलेला. जॅक-तीन म्हणतात त्याला. तो उठत नाही, टिळा लावत नाही. बाहेर सांगावा उभा आणि आत कुणाला पत्ता नाही. सहा तऱ्हेचे सांगावे ह्या एकट्याच्या भरवशावर असतात. म्हणून बाळाच्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी तयारच झाल्या नाहीत."

मोनिकानं विचारलं, "माझ्या दुधानं झालं का?"

"नाही ताई. दुधानं नाही, गार खाण्यानं नाही, नजरेनं नाही. राखणदार कसा घडवायचा ह्याचे कागद प्रत्येकाकडं दोन असतात, एक आईकडून आलेला, एक वडलांकडून. एक फाटका असला तरी दुसऱ्यावर निभतं. माणूस धडधाकट असतो, त्याला कधी कळतही नाही. पण असा फाटका कागद फार थोड्या लोकांकडं असतो. करणला दोन्हीकडून तोच मिळाला. म्हणून विचारते, तुमचं दोघांचं आधीचं काही नातं?"

"मामाची पोरगी हाय," आदिनाथ म्हणाला.

पंकजानं कागदावर गोल आणि चौकोन काढून घराण्याचं झाड मांडलं. सगळ्यांची नावं विचारत गेली. दगडाबाईच्या नावापाशी तिचं पेन थांबलं. "दगडाबाई," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं हे नाव उगाच ठेवत नाहीत, अक्का. तुमच्या आधी लेकरं गेली होती का?"

इथं गोजरबाई नव्हती. तरी दगडाबाईच्या तोंडून जुनंच आलं. "न्हाई. बापाला आवडलं, ठेवलं."

आणि मोनिका बोलली. "तीन गेली. दोन आत्याच्या आधी. मग आत्याला दगड नाव ठेवलं, म्हणून आत्या वाचली. मग अजून एक गेलं, मग माझे वडील. तिघंही वर्षाच्या आतली. तोंड पांढरं व्हायचं आणि हागवण लागायची, असं आज्जी सांगायची."

"गप," दगडाबाई म्हणाली.

मोनिका गप्प झाली नाही. ती रडतही नव्हती. काचेच्या खोलीकडं बघत ती म्हणाली, "आत्या, गायीला तुमी कांडी बदलून घेता."

एवढंच. पण दगडाबाईला वाटलं, भर बाजारात कुणी डोक्यावरचा पदर ओढला. तो राग घेऊन ती पुणतांब्याला आली, आणि तोच अजून जपून ठेवला होता.

कारण तो खाली ठेवला असता तर त्याच्या खालचं दिसलं असतं. त्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर दगडाबाई पाण्याची बाटली राहिली म्हणून त्या खोलीत परत गेली होती. बाटली नव्हतीच राहिली. दार लोटून तिनं पंकजाला विचारलं होतं, "चैत्रात कळलं असतं तर?"

पंकजानं पेनाला टोपण लावलं. "मी खोटं नाही बोलणार अक्का. वाचलाच असता असं नाही म्हणत. पण दुसऱ्याच्या हाडातला मगज, चांगल्या राखणदाराचा, अशा लेकरांना देता येतो. अंगात रोग शिरायच्या आधी दिला तर बहुतेक लेकरं जगतात. आणि मागच्या पिढीत मुलं गेली असं डॉक्टरला कळलं, की तो ह्या तपासण्या आधी करतो."

हे दगडाबाईनं कुणाला सांगितलं नाही.

संस्कृतीचं रक्त बाळाशी तंतोतंत जुळलं. असं जुळणं नशिबाचं, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्याशा पोरीनं सुईला हात पुढं केला, हूं की चूं केलं नाही. फक्त बाळाच्या छातीतला रोग आधी उतरायला हवा होता. तो उतरला की मगज द्यायचा. पाच आठवडे सगळे तेवढ्यासाठी थांबले. रोग उतरला नाही. श्रावणातल्या एका दुपारी, ऊन खिडकीत आलेलं असताना, मोनिका फडकं काढून बाहेर आली, आणि ती फडकं काढून आली यातच सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी मळ्याच्या बांधाला आदिनाथनं खड्डा खणला. परतताना संस्कृतीनं दंड दाखवून विचारलं, "आज्जे, मी तर रक्त दिल्तं. कमी पडलं का?" दगडाबाईनं तिची बाही खाली ओढली आणि तिला कडेवर घेतलं.

बाहेर कुत्रं भुंकलं. राधाकृष्ण आला होता.

दगडाबाई गोठ्यातून उठली नाही. तिला ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं. राधाकृष्णानं पायताण काढलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली असणार. लाजला की तो तसंच करायचा, लहानपणापासून. हातात उडदाच्या डाळीची पिशवी असणार. लेकीला परत न्यायला येतानासुद्धा या भोळ्यानं बहिणीला डाळ आणली असणार.

"बसा पाव्हनं," गोजरबाईचा आवाज. "मनाला लावून घेऊ नका. एखादीची कूसच धड नसती. त्याला कोण काय करणार? आमचा आदिनाथ अजून तरणा हाय. वंशाला दिवा तर पायजे."

"व्हय," राधाकृष्ण म्हणाला. "व्हय ना." त्याचा आवाज जमिनीतून आल्यासारखा. "अक्का कुठंय?"

"वहिनी गोठ्यात. तिला बघवंना, म्हणून बसलीय तिकडं."

आदिनाथ खांबाला टेकून उभा असेल. त्याला सगळं ठाऊक होतं, पुण्याच्या खोलीत तो होताच. पण आईनं तोंड उघडल्याशिवाय आपलं उघडायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. दगडाबाईनं वाट बघितली. कुणीतरी बोलेल. आदिनाथ बोलेल. मोनिका तरी बोलेल, पुण्यात बोलली तशी. पण मोनिका ओसरीवर आली तरी तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा आला. संस्कृती काहीतरी विचारत होती, आणि मोनिका तिला म्हणत होती, "तू आज्जीपाशी राहा. शाळा हाय ना तुझी."

दगडाबाईची नजर भिंतीवर गेली. चंद्री, चौदा. तिच्याखाली कालवडीची ओळ, वेगळा नंबर. बारा गायींच्या बारा ओळी, एकही नात्यात नाही. तिला चांगुणेचा सुरकुतलेला हात आठवला. मग छगन, खाली ठेवलेली बशी, आणि तो सांगावा. तो दारापर्यंत आला होता. धडधडीत आला होता. चैत्रात परत आला, डॉक्टरच्या तोंडून. पुण्यात परत आला, पंकजाच्या तोंडून. दार धडधाकट होतं, सांगाव्याचा काही दोष नव्हता.

तिनं पदरानं हात पुसले आणि ती ओसरीवर आली.

मोनिका पायरी उतरली होती. राधाकृष्ण उठून उभा राहिला. "अक्का—"

"बस खाली," दगडाबाई म्हणाली. मग नणंदेकडं वळली. "वन्सं, नगरच्या डॉक्टरानं मला काय इचारल्तं, आठवतंय?"

गोजरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कंचं?"

"घरात तान्ही लेकरं गेलीत का म्हणून. मी काय बोलले?"

"न्हाई म्हणालीस."

"खोटं बोलले. तुमी शेजारी हुता म्हणून खोटं बोलले. माझं नाव काय हाय, वन्सं? तीस वर्षं हाका मारताय. कुणी हौसंनं ठेवतं व्हय असलं नाव? माझ्या आधीची दोन गेली, म्हणून मायनं मला दगड म्हणून पाळण्यात टाकली, की यमाला वाटावं हितं न्यायाजोगं काय न्हाई. माझ्या मागं आणिक एक गेलं. त्याला बी असंच झाल्तं, करणवानी."

"अगं पण वहिनी, त्याचा ह्याच्याशी—"

"त्याचाच ह्याच्याशी! कूस कूस करताय मघापासनं. पुण्याच्या बाईनं कागदावर काढून दाखवलंय. निम्मा दोष मोनीकडचा, निम्मा आदिनाथकडचा. आदिनाथच्यात कुठनं आला? माझ्यातनं. नवी सून आणली म्हणून माझं रक्त का बदलणार हाय? वैजापूरच्या पोरीचं काय असंल ते असू द्या. त्या पोरीचं नाव पुन्हा ह्या ओसरीवर काढायचं न्हाई."

गोजरबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

दगडाबाई भावाकडं वळली, आणि इथं मात्र तिचा आवाज खाली गेला. "राधाकिसन, मायनं सांगावा धाडला हुता. छगनच्या हाती. पोरगी घरात देऊ नका म्हणून. मी तो तुझ्यापर्यंत येऊ दिला न्हाई."

राधाकृष्णानं बहिणीकडं बघितलं. टोपी हातात गोल फिरवली, परत फिरवली. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो फक्त एवढंच म्हणाला, "मायनं? मला न्हाई सांगितलं कधी." आणि ओसरीच्या कडेला बसून दोन्ही हातांत तोंड धरून रडू लागला, लेकीसाठी की आईसाठी, ते त्यालाच ठाऊक.

आदिनाथ खांब सोडून पुढं आला, आणि त्यानं बायकोच्या हातातली पिशवी घेतली. मोनिकानं ती सोडली नाही. ती दगडाबाईकडं बघत होती. करण गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आताही आलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "नगरला मी पण होते. मला ठाऊक होतं. मी पण नाही बोलले."

दगडाबाई पायरी उतरून तिच्यासमोर गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती सुनेशी, नातीच्या तोंडून नव्हे, स्वतःच्या तोंडानं बोलली.

"तेच सांगायला आलीय. पुण्याला बोललीस म्हणून मी तुला वाळीत टाकलं, ते चुकलं माझं. बोलायची जागा तीच हुती, निस्ती वेळ गेल्ती. नगरला बोलायचं हुतंस. माझ्या तोंडावर, गोजरवन्संच्या तोंडावर. मी तुझ्याकडं बघितलं आन् तू व्हट मिटलंस." तिचा आवाज फाटला, पण तिनं तो ओढून सरळ केला. "तू वाईट न्हाईस, मोने. तू भित्री हाईस. आन् तुला भित्री मी केली. आपलं लेकरू त्यात गेलं."